सरकत्या चौकटीचे रूप

आपल्या शाळेच्या संकेतस्थळासाठी नववीच्या विद्यार्थ्यांनी यंदा एक नमुना-पान तयार केले आहे. सूचना, वेळापत्रक, परीक्षांच्या तारखा आणि ग्रंथालयातील नवी पुस्तके अशा चार चौकटी त्यात आहेत. ज्याने त्याने आपल्या सोयीप्रमाणे माऊसने ओढून त्यांची जागा बदलावी, अशी योजना. पालकसभेत हे पान दाखवले तेव्हा दोन मते ऐकू आली. उचललेली चौकट तिरकी होते, खाली सावली पडते, रंग बदलतो, याचे काही पालकांना फार कौतुक वाटले. काही ज्येष्ठ विश्वस्तांना मात्र हा सारा थिल्लरपणा वाटला. साधे स्थिर पान काय वाईट, असे त्यांचे म्हणणे. आम्हांला दोन्ही मते अर्धवट वाटतात. हलत असताना चौकटीचे रूप बदललेच पाहिजे, पण शोभेसाठी नव्हे.

घरात कपाट सरकवताना हाताला वजन कळते, पाय कुठे अडतो ते कळते. पडद्यावर हाताला काहीच कळत नाही. जे सांगायचे ते डोळ्यांनाच सांगावे लागते. चौकट पकडली गेली की नाही? आता सोडली तर ती कुठे बसेल? एवढ्या दोन प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी हे रूप बदलणे असते. उघड्या पंज्याची खूण जाऊन तिथे मिटलेली मूठ येणे हे पहिल्याचे उत्तर. दुसऱ्याचे उत्तर म्हणजे जिथे चौकट उतरणार तिथे आधीच मोकळी झालेली, तुटक रेघेने आखलेली जागा. आपल्या लहान वर्गांतील मुले ‘स्क्रॅच’वर ठोकळे जोडतात. 2019 मध्ये आलेल्या त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत ठोकळा जिथे चिकटणार तिथे करडी छाया उमटते. मुलांना ती कोणी समजावून सांगत नाही, तरी कळते. नववीच्या नमुन्यात सावली आहे, तिरकेपणा आहे, आणि ही मोकळी जागा तेवढी नाही! आमच्या हाती गुण असते तर सावलीला एक आणि त्या जागेला दहा दिले असते.

एक गोष्ट खास आपल्या लिपीची. हलणारी चौकट अर्धपारदर्शक करायची रीत इंग्रजी पानांवरून आली. आपल्या पानावर मराठी सूचनेवरून दुसरी मराठी सूचना सरकते तेव्हा दोन शिरोरेषा एकमेकींत मिसळतात. मात्रा कोणाची आणि रफार कोणाचा हे कळेनासे होते. बडोद्यात आपण सूचना गुजरातीतही देतो. त्या अक्षरांना शिरोरेषा नसते, म्हणून तिथे गोंधळ जरा कमी. पण तोही आहेच. तिरकी केलेली चौकट तर बारीक जोडाक्षरे धूसर करते. तेव्हा हलती चौकट सरळ आणि अपारदर्शक ठेवावी, हलकी सावली द्यावी आणि फिकट करायचीच असेल तर तिची मूळ जागा फिकट करावी.

आता थोडे विद्यार्थ्यांशी. 2007 साली आलेल्या ‘जेक्वेरी यूआय’सारख्या ग्रंथालयात (हे पुस्तकांचे नव्हे, तयार आज्ञांचे!) ओढणे सुरू होताच चौकटीला एक वेगळे वर्गनाव आपोआप लागते आणि सोडताच निघते, त्या नावाखाली सीएसएसमध्ये हवे ते रूप लिहावे. ब्राउझरची स्वतःची ओढण्याची सोय वापरली तर हे नाव आपणच लावायचे आणि आपणच काढायचे. लावायची आठवण सर्वांना राहते. काढण्याची आज्ञा मात्र बहुतेक जण चौकट योग्य जागी पडल्याच्या घटनेला बांधतात. मग कोणी मध्येच एस्केपची कळ दाबली किंवा चौकट भलतीकडेच सोडली, की ती घटना घडतच नाही आणि चौकट आजारी माणसासारखी फिकट पडून राहते. ओढणे संपल्याची घटना वेगळी असते आणि ती दोन्ही वेळी घडते. साफसफाई तिथे करावी. आणि सावली, तिरकेपणा, मागची धूसरता हे सगळे एकदम लावले तर जुन्या संगणकांवर चौकट अडखळत चालते. आपल्या संगणक-कक्षातली यंत्रे कोणत्या वयाची आहेत, हे विश्वस्तांना सांगायला नको.

पण आमचा खरा आग्रह याहून निराळा आहे. माऊसचे बटण दाबून ठेवायचे, न सोडता हात सरकवायचा आणि नेमक्या जागी सोडायचे, हे प्रत्येकाला जमत नाही. ज्यांचा हात कापतो, ज्यांची बोटे सांधेदुखीने आखडली आहेत, ज्यांना पडदा दिसत नाही, त्यांच्यासाठी कितीही सुंदर सावली निरुपयोगी. आपल्या कित्येक घरांत नातवंडांचे वेळापत्रक आजी-आजोबाच पाहतात. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांच्या ऑक्टोबर 2023 मध्ये आलेल्या 2.2 आवृत्तीत हे स्पष्ट लिहिले आहे: जे काम ओढून होते, ते न ओढता, नुसत्या टिचकीनेही करता आले पाहिजे; ओढल्याशिवाय ते होणेच शक्य नसेल तर गोष्ट वेगळी. कळफलकावरून सारे करता यावे, हा निकष तर त्याहून जुना आहे. प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात वर आणि खाली नेणारी दोन बटणे बसवली की दोन्ही गरजा भागतात. नववीच्या मुलांना हे एका आठवड्याचे काम आहे.

ती बटणे बसेपर्यंत विश्वस्तांनी हे पान संकेतस्थळावर चढवू नये, आणि बसल्यावर मात्र थिल्लर म्हणून अडवू नये. नमुना सध्या संगणक-कक्षात मधल्या सुट्टीत पाहता येतो. पालकांनी येताना घरातल्या वडीलधाऱ्यांना बरोबर आणावे, आणि माऊस त्यांच्या हाती द्यावा. मुलांनी शेजारी उभे राहून नुसते पाहावे. मदत करू नये.