हॅशटॅग पाचच उरले, आता चिखलदऱ्याच्या गाडीवाल्यानं लावावे कोणते?

परतवाडा : चिखलदऱ्यावर गाडी चालवणारे, मेळघाटच्या पायथ्याशी घरच्याच एक-दोन खोल्या पाहुण्यांना देणारे, अकोट-दर्यापूरकडं वावरात हुरडा पार्टी करणारे, या सगळ्यांच्या मागं दोन-तीन वर्षांपासून एक नवं काम लागलं आहे. रील टाकायची अन् खाली हॅशटॅगची रांग लावायची. कोणी वीस लावते, कोणी तीस. #इंडिया, #ट्रॅव्हल, #व्हायरल, #ट्रेंडिंग, #मुंबई, #गोवा... गाडी घटांगच्या घाटात अन् हॅशटॅग गोव्याचा! राजेहो, याच्यानं गिऱ्हाईक येते का, हा प्रश्न विचारायची वेळ आता कंपनीनंच आणून ठेवली आहे.

इन्स्टाग्रामवर आधी एका पोस्टला तीस हॅशटॅगची मुभा होती. २०२५ च्या शेवटी कंपनीनं ही मर्यादा पाचवर आणली. त्याच्या वर्षभर आधी, डिसेंबर २०२४ मध्ये, एखादा हॅशटॅग फॉलो करायची सोयही काढून टाकली होती. म्हणजे आधी कोणी #मेळघाट फॉलो केलं असलं तर तुमची पोस्ट आपोआप त्याच्या पुढ्यात जाऊ शकत होती, तो रस्ता बंद झाला. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी तर आधीपासून सांगून राहिले की हॅशटॅगनं पोस्टची पोहोच फार काही वाढत नाही, पोस्ट कशाबद्दल आहे हे समजायला त्याची मदत होते एवढंच.

हॅशटॅग काढला २००७ च्या ऑगस्टमध्ये, अमेरिकेतल्या ख्रिस मेसिना नावाच्या माणसानं, ट्विटरवर. एका विषयावरची बोलणी एका जागी सापडावी एवढाच त्याचा हेतू. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर वरुड-मोर्शीच्या संत्र्याच्या पेटीवरचा शिक्का. पेटी कुठली अन् कुठं उतरवायची हे शिक्क्यावरून समजते. शिक्क्यानं संत्रं गोड होत नाही. अन् एकाच पेटीवर तीस गावांचे शिक्के मारले तर हमालानं ती कुठं उतरवावी?

आता पाचच आहेत म्हटल्यावर विचार करून लावावे लागतील, अन् इथं आपल्या भागाची एक खास अडचण आहे. आपल्या गावांची नावं दुसरीकडंही आहेत. #अमरावती टाकलं की आंध्र प्रदेशची राजधानीही त्यातच. इंग्रजीत त्यांच्या नावात एक 'ए' जास्त आहे, पण तेवढं पाहून टाईप करते कोण? मराठी-हिंदीत तर दोन्ही नावं सारखीच लिहितात. तिकडं राजधानीचं बांधकाम, राजकारण, जमिनीचे भाव यांच्या पोस्टींचा पूर चालू राहते, त्यात आपल्या होमस्टेची रील कुठं सापडणार? अकोल्याचंही तेच. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुका आहे, भंडारदरा-हरिश्चंद्रगडाचा. इंग्रजीत शेवटचं एक अक्षर चुकलं की नरनाळा पाहायला निघालेला माणूस सह्याद्रीत पोहोचते. इथं देवनागरीत लिहिलं तर निदान अकोला अन् अकोले वेगळे राहतात.

चिखलदऱ्याचं दुखणं आणखी वेगळं. इंग्रजीत कोणी 'एच' दोनदा लावते, कोणी एकदा, कोणी एकदाही नाही. एकाच गावाचे चार हॅशटॅग अन् पोस्टी चारही जागी विखुरलेल्या. गाडीवाल्यांच्या संघटना आहेत, हॉटेलवाले आहेत, नगरपरिषद आहे. सगळ्यांनी बसून एक स्पेलिंग ठरवायचं म्हटलं तर चहा पिता पिता होऊन जाईल. माझ्या मते तर हे काम पर्यटनाच्या मोठमोठ्या आराखड्यांच्याही आधीचं आहे, अन् याला निधी लागत नाही.

तर पाच कोणते? मी म्हणेन की गावाचं नाव आधी, मग ज्या शहरातून गिऱ्हाईक येते त्याचं. चिखलदऱ्यावर नागपूर, अकोला, यवतमाळचे लोक येतात, शिवाय मध्य प्रदेशातल्या बैतूल-बऱ्हाणपूरकडचे. म्हणून #नागपूरतेचिखलदरा हे #ट्रॅव्हल पेक्षा कामाचं. तिसरा तुमच्या कामाचा, चौथा हंगामाचा, अन् पाचवा स्वतःच्या धंद्याच्या नावाचा, जो दुसऱ्या कोणाचाच नसेल. हुरडावाल्यांनी तर गावाचं नाव सोडूच नये. नुसतं #हुरडापार्टी लिहिलं की पुण्या-नगरकडचे सगळे त्यात येतात, अन् पुण्याचा माणूस चार घास हुरड्यासाठी दर्यापूरला येत नाही. #अकोलाहुरडा लिहा, रोडगे अन् वांग्याच्या भाजीचा फोटो टाका, पाहा फरक. अन् हो, दोन शब्दांच्या मधात जागा सोडू नका. '#चिखलदरा टॅक्सी' असं लिहिलं की फक्त चिखलदरा धरल्या जाते, टॅक्सी बाहेर राहते.

हे सगळं करूनही हॅशटॅग दुय्यमच. सहल ठरवणारा माणूस शेवटी गूगल मॅपवर शोधते. तिथं धंद्याची नोंद फुकट होते. नाव, नंबर, वेळ, फोटो, लोकांचे अभिप्राय, सगळं तिथं येते. आपल्याकडं कितीतरी जणांची रील आहे पण मॅपवर नोंद नाही. बाकी कृषी पर्यटनाचं सरकारी धोरण २०२० पासून आहे, पर्यटन संचालनालयात त्याची नोंदणी होते. ज्यांची वावरं रस्त्याला लागून आहेत त्यांनी निदान चौकशी तरी करावी.

आता जंगलाची गोष्ट. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-करांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी एफ-२ वाघीण अन् तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्हीकडून अडवली होती. व्हिडिओ व्हायरल झाला. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, अन् गाडीवाल्यांवर, गाईडवर निलंबनाची कारवाई झाली. ज्या व्हिडिओनं धंदा वाढायचा त्यानंच रोजी गेली. पुढं नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं कॉर्बेटच्या प्रकरणात देशभरातल्या व्याघ्र प्रकल्पांसाठी निर्देश दिले. कोअर भागातल्या पर्यटन क्षेत्रात मोबाईल वापरायचा नाही, रात्रीचं पर्यटन बंद. तेव्हा सरन्यायाधीश होते आपल्या अमरावतीचेच भूषण गवई. मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, देशातल्या पहिल्या नऊपैकी एक, तेव्हा इथंही तोच नियम. म्हणून सफारीच्या गाडीतून मोबाईलवर काढलेली रील, वरून #टायगर, अन् खाली स्वतःचा फोन नंबर, हे म्हणजे आपणच पंचनामा लिहून देणं झालं. घाट, धुकं, कॉफीची झाडं, गाविलगड, भीमकुंड, दाखवायला काय कमी आहे?

असाच पुरावा दुसरी एक मंडळीही देऊन राहिली. पांढऱ्या पाटीची गाडी, घरची म्हणून घेतलेली, अन् रीलमध्ये लिहिलं आहे 'परतवाडा ते चिखलदरा, इतके रुपये'. भाड्यानं माणसं न्यायची तर परमिट लागते, पिवळी पाटी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरमिटचा दंड दहा हजार रुपये आहे, अन् कैदेचीही तरतूद आहे. त्याहून मोठी भीती विम्याची. घाटात काही झालं अन् गाडी भाड्यानं चालवत होते हे कंपनीच्या लक्षात आलं तर घरगुती गाडीच्या विम्याचा दावा अडकते. कंपनीला तपास करायची गरजच काय, रील आहे ना.

अन् ते तालुक्यातले फॉलोअरवाले पोट्टे, जे पैसे घेऊन हॉटेलची तारीफ करतात? ग्राहक मंत्रालयाच्या जानेवारी २०२३ च्या सूचनेप्रमाणे पैसे किंवा फुकट जेवण-मुक्काम घेऊन केलेली तारीफ ही जाहिरात आहे, अन् ते पोस्टवर स्पष्ट दिसलं पाहिजे. हॅशटॅगच्या रांगेत #जाहिरात मिसळून दिलं तर ते चालत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे. धबधबा फक्त आषाढ-श्रावणात वाहते अन् रील मे महिन्यात फिरून राहिली, तर आलेला माणूस भांडणारच.

गर्दी झाली तरी ती नेहमी कामाची असते असंही नाही. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, जगभर फोटो फिरले, पण तेव्हा कोरोनाचे निर्बंध होते, खानावळवाल्याच्या पदरात काय पडणार? उलट रायगड जिल्ह्यातल्या कुंभे धबधब्यावर जुलै २०२४ मध्ये रील काढायला आलेली तरुणी दरीत पडून गेली. अमेरिकेत जॅक्सन होल नावाच्या डोंगरी भागातल्या पर्यटन मंडळानं तर २०१८ मध्ये लोकांना विनंती केली की फोटोला नेमकी जागा टॅग करू नका, गर्दीनं जंगल खराब होते. आपल्याकडं पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची जी रांग लागते ती पाहून हे पटते. म्हणून माझं मत असं की चिखलदऱ्याला आठवड्याच्या मधल्या दिवसांची रील पाहिजे. बुधवारी गाड्या रिकाम्या उभ्या राहतात, रविवारी हात जोडावे लागतात.

शेवटी नेटवर्क. धारणी तालुक्यातलं हरिसाल २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून देशभर गाजलं, पण मेळघाटात आजही कितीक वळणांवर मोबाईल मुका होते. रील पाहून नागपूरचा माणूस फोन लावते, तुम्ही घाटात असता, तो दुसऱ्याला लावते. रीलखाली दोन नंबर द्या. एक गाडीतला, एक घरचा, जिथं कोणी तरी फोन उचलेल.