धोटा, कोंबडा आणि फूल

बॅडमिंटनच्या खेळात जाळ्यावरून सारखे इकडून तिकडे उडणारे ते पिसांचे साधन इंग्रजीत ‘शटलकॉक’ या नावाने ओळखले जाते. बुचाच्या अर्धगोलात खोवलेली १६ पिसे आणि सुमारे ५ ग्रॅम वजन, एवढाच त्याचा संसार! पण त्याचा नामसमास मोठा बोलका आहे.

‘शटल’ म्हणजे विणकराचा धोटा. मागावरील उभ्या धाग्यांमधून धोटा डावीकडून उजवीकडे धावतो आणि तसाच परत फिरतो. त्याच्या येरझाऱ्यांतूनच वस्त्र तयार होते. ‘कॉक’ म्हणजे कोंबडा. बुचातील पिसांमुळे त्याची आठवण झाली. धोट्याने गती दिली, कोंबड्याने रूप दिले. १६व्या शतकात हा जोडशब्द इंग्रजीत रूढ झाला. विणकाम हा त्या काळी इंग्लंडमधील मोठा व्यवसाय होता आणि कोंबडा तर अंगणातलाच. लोकांनी जे नित्य पाहिले, त्यातूनच नाव घडविले.

पुढे १८७०च्या सुमारास पुण्यातील इंग्रज लष्करी अधिकारी मध्ये जाळे बांधून हा खेळ खेळू लागले. खेळाचे आरंभीचे काही नियम पुण्यातच तयार झाले. ‘बॅडमिंटन’ हे नाव मात्र इंग्लंडमधील एका सरदारघराण्याच्या वाड्यावरून पडले.

परकीय शब्दाचे शब्दशः भाषांतर केले की स्वभाषेची सेवा घडली, असे काहींना वाटते. त्या न्यायाने या साधनाला ‘धोटाकोंबडा’ म्हणावे लागेल! ऐकणाऱ्याला हसू येईल; खेळ मात्र डोळ्यांपुढे उभा राहणार नाही. मराठी मुलांनी असा खटाटोप केला नाही. त्यांनी वस्तूकडे पाहिले. खाली देठासारखे बूच आणि वर पाकळ्यांसारखी उमललेली पिसे पाहून ती त्याला सहजपणे ‘फूल’ म्हणू लागली. या एका शब्दात इंग्रजी समासातील धोटाही नाही आणि कोंबडाही नाही. तरी तो त्याच्याइतकाच खरा आहे, कारण दोन्हींचा जन्म डोळसपणातून झाला आहे.

नवा शब्द घडविताना दुसऱ्याच्या कोशाकडे नव्हे, तर समोरच्या वस्तूकडे आणि आपल्या जीवनाकडे पाहावे. ज्याने माग कधी पाहिलाच नाही, त्याला धोट्याची उपमा सुचणार कोठून? भाषेची श्रीमंती पाठांतराने वाढत नाही. ती उघड्या डोळ्यांनी वाढते.