माझ्या श्री-लिपीने तुमचं काय घोडं मारलं?

संपादक महाशय,


दिवाळी अंकासाठी पाठवलेली माझी कथा तुमच्या कार्यालयाने न वाचताच परत केली. सोबत एकच ओळ : ‘हा जुनाट फॉण्ट आता कोण वापरतं?’ कथा पसंत पडली नसती, तर मी ब्रही काढला नसता. पण तुम्ही माझ्या लिहिण्याच्या साधनालाच हसलात. ते जिव्हारी लागलं, म्हणून हे पत्र चारचौघांत.

मुरबाडला टायपिंगच्या क्लासात ‘मराठी ३०’च्या परीक्षेसाठी बोटांना जे वळण लागलं, ते श्री-लिपी या सॉफ्टवेअरमध्ये आजही तसंच चालतं. पहिली वेलांटी आधी, अक्षर मागून. इनस्क्रिप्ट कळफलकात नेमकं उलटं. शिकेनही, पण बोट अडखळलं की मनातलं वाक्य निसटतं, त्याचं काय?

शहापूरच्या घरातला माझा संगणक इंटरनेटला जोडलेला नाही. ‘नाय’, ‘व्हता’ लिहिलं की खाली लाल रेघ ओढणारं त्यात कुणी नाही. माझी पात्रं तशीच बोलतात. कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिनसुद्धा डॉसवरच्या जुन्या वर्डस्टार ४.० मध्ये लिहितात. आपण टाइप केलेलं परस्पर बदलणारं यंत्र नको, असं त्यांनी २०१४ मध्ये टीव्हीवर सांगितलं. ते केवढं कौतुकाचं! शहापूरकराने तेच केलं की मागासलेपण?

युनिकोडशी माझं वैर नाही. जुन्या फॉण्टमधली मराठी इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेली. फॉण्ट नसला की पडद्यावर नुसता गिचमिड काला. १९९१ पासून युनिकोडने देवनागरीला स्वतःचे क्रमांक दिले, वाचकांची सोय झाली. तुमच्याकडे माझा फॉण्ट नसेल, म्हणूनच मी सोबत पीडीएफ जोडली होती. ती उघडायलाही कुणाला सवड नव्हती?

आणि गेल्या वर्षीचं? म्हसा गावच्या जत्रेतल्या बैलबाजाराची माझी कथा तुम्ही कन्व्हर्टरमधून काढलीत आणि प्रूफ न पाहता छापलीत. ‘गोऱ्हा’तला अर्धा र उडाला, कथाभर ‘गोहा’ हिंडत राहिला. ओळखीचे लोक मलाच शुद्धलेखन शिकवून गेले. तेव्हा मी मुकाट बसलो. आता बसणार नाही.

युनिकोड हवं तर रूपांतर मी करून देतो, प्रूफही मीच तपासतो. मात्र आधी कथा वाचा. टाकाऊ वाटली तर खुशाल नाकारा, पण कारण कथेतलं द्या.

आपला,
शहापूरचा एक कथाकार