कांटा खोटा ठरविण्यापूर्वीं



प्रस्तुत लेखक यंत्रशास्त्राचा जाणकार नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत त्याचें आयुष्य गेलें. परंतु तेथें एक शिस्त अंगीं बाणली : चौकशीवांचून फेरफाराची नोंद मंजूर करावयाची नाहीं. ही शिस्त आपण ट्रॅक्टरच्या बाबतींत पाळीत नाहीं व त्याचें प्रायश्चित्त भोगतों, एवढेंच सांगण्यासाठीं हा लेख.

गेल्या खरिपाच्या तोंडावर आमच्या ट्रॅक्टरचा उष्णतामानाचा कांटा तांबड्या पट्ट्यांत गेला. "सेन्सर बिघडला आहे, कांटा खोटा दाखवितो," असा निकाल चालकानें जागच्या जागीं दिला, आणि पेरणीच्या घाईंत मींही मान डोलविली. दुसऱ्या दिवशीं हेड गॅस्केट जळालें. रेडिएटरची जाळी भुसकटानें गच्च भरलेली होती. सेन्सर शाबूत होता. दुरुस्तीचा खर्च सोसतां आला, पण गेलेला वाफसा परत आला नाहीं. उलटपक्षीं, आमच्या शेजाऱ्यानें ओळीनें दोन नवे सेन्सर बसविले आणि अखेरीस दोष निघाला उंदरानें कुरतडलेल्या तारेंत. एकानें खऱ्या साक्षीदारास खोटें ठरविलें, दुसऱ्यानें निरपराध्यास शिक्षा केली. पंचनामा मात्र कोणीच केला नाहीं.

हा पंचनामा अवघड नाहीं. प्रथम सकाळीं इंजिन थंड असतां रेडिएटरचें पाणी, जाळी व फॅनबेल्ट पाहावा. पाणी कमी असल्यास सेन्सरचें टोंक उघडें पडतें व चांगला सेन्सरही चुकीची साक्ष देतो. गरम रेडिएटरचें झांकण कदापि उघडूं नये. दाबाखालचें पाणी १०० अंशांच्या वरही उकळत नाहीं व झांकण निघतांच अंगावर उसळतें.

दुसरी परीक्षा एकाच तारेच्या साध्या सेन्सरची. चावी चालू करून तार काढावी. बहुतेक ट्रॅक्टरांत कांटा थंडाकडे उतरतो. तीच तार क्षणभर इंजिनाच्या उघड्या लोखंडास लावावी. कांटा गरमाकडे चढतो. दोन्ही घडलें तर तार व मीटर निर्दोष, आणि संशय सेन्सरवर. कांटा हललाच नाहीं तर दोष तारेंत किंवा मीटरमध्यें. ज्या नव्या इंजिनांचें नियंत्रण संगणकाकडे आहे, तेथें मात्र ही परीक्षा करूं नये.

तिसरी परीक्षा निर्णायक. थंड इंजिनांतून सेन्सर काढून त्याचें टोंक पाण्यांत बुडवावें, मल्टिमीटर जोडावा व पाणी हळूहळू तापवावें. उष्णता वाढेल तसा विद्युत्‌रोध सारखा घटला पाहिजे. प्रचारांतील एका जातीच्या सेन्सरचा रोध २० अंशांस सुमारें २,५०० ओहम व ८० अंशांस सुमारें ३०० ओहम असतो. आपल्या सेन्सरचे आंकडे ट्रॅक्टरच्या पुस्तिकेंत पाहावे. आंकडा हललाच नाहीं अथवा मध्येंच उड्या मारूं लागला, तरच सेन्सर बदलावा.

माझी सूचना इतकीच कीं, प्रत्येक गांवच्या सोसायटीनें एक मल्टिमीटर विकत घेऊन ठेवावा व दोन तरुणांस तो वापरण्यास शिकवावें. आणि हा पंचनामा होईपर्यंत कांटा खराच बोलतो असें मानून इंजिन थांबवावें. अर्धा तास थांबल्यानें पेरणी बुडत नाहीं. न थांबल्यानें बुडते, हें मीं अनुभवानें लिहीत आहें.