ताप उतरला, पण धोका टळला काय?

पावसाळा सरत आला की आपल्या हिंगोली जिल्ह्यात घरोघरी तापाचे रुग्ण दिसतात. नळाला रोज पाणी नसते, म्हणून आपण रांजण, ड्रम भरून ठेवतो. त्याच स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो.

डेंग्यूचे बहुतेक रुग्ण आठवडाभरात बरे होतात. थोड्यांचा मात्र घात होतो, आणि तोही ताप उतरल्यावर. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान अंग थंड लागले की मूल शाळेत जाते, बाप कामावर जातो. नेमके याच वेळी बारीक रक्तवाहिन्यांतून रक्तातील पाणी बाहेर झिरपू लागते. रक्त दाट होते, रक्तदाब घसरतो, नाडी क्षीण होते. यालाच डेंग्यू शॉक म्हणतात.

पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, नाका-हिरड्यांतून रक्त, काळी शौच, कमी लघवी, गार हातपाय, सुस्ती किंवा तगमग यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी सकाळची वाट पाहू नका. १०८ला फोन करा, जिल्हा रुग्णालय गाठा.

या विषाणूवर खास औषध नाही. मोजून दिलेले सलाईन हाच मुख्य उपचार. किती पाणी दिले, किती लघवी झाली, रक्त किती दाट झाले, असा जमाखर्च डॉक्टर तासातासाला मांडतात. एक-दोन दिवसांत झिरपणे थांबते आणि बाहेर गेलेले पाणी रक्तात परतते. तेव्हा सलाईन जास्त झाले तर छातीत पाणी भरते. म्हणून घरी कोणाकडूनही बाटली लावून घेऊ नये.

प्लेटलेटचा आकडा कमी आला की लोक दागिने गहाण टाकतात. रक्तस्राव नसेल, तर केवळ आकड्यासाठी प्लेटलेट चढवण्याची सहसा गरज नसते. आधी विचारा, “डॉक्टरसाहेब, बी.पी. आणि हिमॅटोक्रिट किती आहे?”

जागतिक आरोग्य संघटना सांगते, तीव्र डेंग्यूत योग्य उपचार न मिळाल्यास शंभरात वीसपर्यंत रुग्ण दगावू शकतात. वेळेवर मिळाल्यास एकाहूनही कमी.

तापाला पॅरासिटामॉलच द्या. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको. दोन दिवसांची मजुरी बुडते हे खरे. पण ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस रुग्णाजवळ कोणीतरी थांबावेच. आणि आठवड्यातून एकदा रांजण घासून कोरडा करावा.