इंग्रजी वाचन : कोणाचा हक्क?

१८३५ साली मेकॉलेला हवा होता तो राज्यकर्ते व जनता यांमधला मूठभर दुभाष्यांचा वर्ग. १९२६ साली मायकेल वेस्ट या ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञानेच बंगालच्या अनुभवावरून बजावले की, अर्ध्यावर शाळा सोडणाऱ्या मुलाच्या पदरात काही पडावयाचे, तर त्याला प्रथम इंग्रजी वाचता आले पाहिजे. परंतु मूल शाळा का सोडते, याचे उत्तर पाठ्यपुस्तकात नाही. ते दारिद्र्यात आहे. आज इंग्रजी माध्यमाचे दुकानदार कष्टकऱ्यांच्या मुलांकडून न कळणारे धडे घोकून घेतात आणि वर फी उकळतात. हे शिक्षण नव्हे, लूट होय! मातृभाषेत पक्के वाचन आणि त्या पायावर सरकारी शाळेत अर्थासह इंग्रजी वाचन हा श्रमिकांच्या मुलांचा हक्क आहे. तो संघटित लढ्यानेच मिळवावा लागेल.