रोटी-बेटीतली बेटी

भारत-नेपाळचं नातं रोटी-बेटीचं, असं दोन्हीकडचे पुढारी मोठ्या अभिमानानं सांगतात. मग त्या बेटीचं काय? नेपाळी पुरुषानं भारतीय मुलगी केली, तर मुलं वंशानं नेपाळी. नेपाळी बाईनं भारतीय नवरा केला, तर मुलांना अंगीकृत नागरिकत्व, तेही अटींवर. आपल्याकडे १९९२ च्या दुरुस्तीपासून आई-बाप याबाबत सारखे. पण बायांनो, लगेच नाक वर करू नका! नेपाळच्या २०१५ च्या संविधानानं संसदेत बायकांना किमान एक तृतीयांश जागा दिल्या. आपण २०२३ मध्ये तसा कायदा केला आणि जनगणनेच्या खुंटीला टांगला. मतं मागायला येतील, तेव्हा उंबऱ्यातच विचारा, आमच्या जागा कुठं आहेत?